पहारा आणि सोबत

[दृश्य : नगरचा भुईकोट किल्ला. खंदक, तटबंदी, सकाळचं धुकं.]

गोष्ट कोल्हापूरची आहे, मनोरुग्णांच्या उशाशी बसणाऱ्या नर्सची आहे, पण सुरुवात इथून, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यापासून करावी लागते.

२५ डिसेंबर १८८३. कोल्हापूरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज या किल्ल्यात बंदिस्त होते. वय जेमतेम विशीचं. इंग्रज सरकारने त्यांना वेडं ठरवलं होतं आणि आदल्या वर्षी माणसांपासून, मुलखापासून तोडून इथे आणून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि त्यात महाराज गेले.

महाराज खरोखर आजारी होते, की कारस्थानाचे बळी होते? कोल्हापुरात आजही चार माणसं बसली की हा विषय निघतो. याच प्रकरणात कारभाऱ्यांवर लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तो सगळा इतिहास अनेकांनी सांगितलाय. मला मात्र त्यातली एकच गोष्ट सोडत नाही. सरकारचंच म्हणणं घटकाभर खरं धरू, महाराज आजारी होते. मग आजारी माणसाच्या उशाशी त्यांनी कुणाला बसवलं? शिपायाला.

एका राजाची ही गत. गरिबाच्या पोराची काय असेल?

[दृश्य : दसरा चौकाकडून दिसणारी सीपीआरची जुनी दगडी इमारत. रिक्षा, फळांच्या गाड्या, केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग.]

आज आपण जिला सीपीआर म्हणतो, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ते एके काळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. ताप, बाळंतपण, मोडलेला हात, सर्पदंश, कशालाही इथे दार उघडं. पण ‘डोक्याचं’ दुखणं असलं की कोल्हापूरकराची वाट ठरलेली होती. आंबा घाट उतरायचा आणि रत्नागिरी गाठायची. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार : नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी. ‘त्याला रत्नागिरीला ठेवलंय’ एवढं म्हटलं की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नसे. गाव तेच, पण नाव घेताना आवाज खाली यायचा.

तिथे पोचायच्या आधी मात्र बाकीच्या वाटा तुडवून झालेल्या असायच्या. कुणी नरसोबाच्या वाडीला, कुणी गाणगापूरला, कुणी देवऋष्याकडे. ‘लागीर झालंय’ हे पहिलं निदान. त्याला आपल्याकडे फी लागत नाही, आणि लागली तर कोंबड्यापासून सुरू होते.

माझ्या आजोळी, राधानगरीच्या वाटेवरच्या एका गावात, एका घराच्या गोठ्याला बाहेरून कडी होती. आत एक तरुण माणूस होता. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी. पण त्याची आई दुपारी भाकरी घेऊन जायची ते आम्हाला लांबून दिसायचं. ती थाळी आत सरकवून परत फिरायची नाही. उंबऱ्यावर पाठ टेकून बसायची. तो जेवेपर्यंत पावसापाण्याचं, म्हशीच्या दुधाचं काहीबाही बोलत राहायची. आतून उत्तर येतंय की नाही, हे आम्हाला कधीच ऐकू आलं नाही.

पुढे मी मनोविकारांच्या परिचर्येबद्दल वाचायला लागलो, तेव्हा मला वारंवार ती बाई आठवली.

[दृश्य : जुनी रेखाचित्रं. पॅरिस, बिसेत्र रुग्णालय.]

अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांना साखळदंडाने भिंतीला बांधलेलं असे. त्या साखळ्या काढल्याचं श्रेय डॉक्टर फिलिप पिनेल यांना मिळतं. पण बिसेत्रमध्ये त्या प्रत्यक्ष सोडवल्या झाँ-बाप्तिस्त प्युसँ यांनी, १७९७ साली. प्युसँ डॉक्टर नव्हते. ते त्याच रुग्णालयात कधी काळी गंडमाळेचे रुग्ण म्हणून आले होते, बरे झाले आणि तिथेच कामाला लागून विभागाचे प्रमुख झाले. पत्नी मार्गरितही सोबत काम करायच्या. रुग्णाला मारायचं नाही, हा प्युसँ यांचा नियम. आणि बरं होत आलेल्या रुग्णांनाच ते सेवक म्हणून नेमत. ज्याने भोगलंय, त्याचा हात हलका असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मनोविकार परिचर्येची पहिली पाटी कुणाच्या नावाची लावायची असेल, तर मी या नवरा-बायकोची लावेन.

शिकवून तयार केलेली परिचारिका यायला मात्र आणखी पंच्याऐंशी वर्षं लागली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन मनोरुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली ती १८८२ साली. त्याच वर्षी आमच्या महाराजांना नगरच्या किल्ल्यात नेलं.

[दृश्य : परिचारिकांचे जुने फोटो.]

तरीही बराच काळ या कामाचं स्वरूप किल्ल्या सांभाळणं, आंघोळी घालणं, मोजदाद ठेवणं असंच राहिलं. आपल्याकडे १९१२ चा कायदाच मुळी ‘वेड्यांचा कायदा’ होता. त्यात रुग्ण कमी आणि बंदोबस्त जास्त.

मग आलं १९५२. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरलं गेलं आणि वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं बोलण्याइतकी शांत होऊ लागली. आणि अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलाऊ या परिचारिकेचं पुस्तक निघालं. ते लिहून तयार होतं १९४८ मध्येच. पण नर्सने एकटीने लिहिलेलं पुस्तक, सोबत डॉक्टरचं नाव नाही, म्हणून चार वर्षं ते छापलं गेलं नाही. पेपलाऊंचं म्हणणं साधं होतं आणि त्या काळी धीटही : परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जे नातं तयार होतं, तेच उपचार आहे. ओळख होते, विश्वास बसतो, दोघं मिळून काम करतात, आणि शेवटी रुग्णाला तिची गरज उरत नाही.

भारतात १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, तीच आजची निम्हान्स. पुढच्या काही वर्षांत तिथे मनोविकार परिचर्येची पदविका सुरू झाली. आज नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला हा विषय शिकावा लागतो.

[दृश्य : वॉर्ड. सकाळी आठ. दोन परिचारिका खाटेपासून खाटेपर्यंत जात ‘ओव्हर’ देताहेत, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवताहेत.]

कोल्हापुरातल्या एका वॉर्डात आम्ही काही दिवस बसलो. नावं सांगणार नाही, चेहरेही दाखवणार नाही.

इथल्या सिस्टरची नजर आधी बारीकसारीक वस्तूंवर जाते. पायजम्याची नाडी. ओढणी. दाढीचं ब्लेड. काचेच्या बांगड्या. फोन चार्जरची वायर. नवीन रुग्ण आला की हे सगळं मोजून नातेवाइकांच्या हवाली होतं, आणि तेही ‘काढा ते’ म्हणून नाही. ‘आक्का, बांगड्या घरी नीट राहतील, जाताना घाला परत,’ असं.

गोळ्यांची वेळ. ‘आण्णा, गिळलीसा काय? जीभ वर करा बघू. आता गाल.’ आण्णा हसतात. गोळी गालात होती. सिस्टर रागावत नाही, पाण्याचा पेला पुन्हा पुढे करते आणि गोळी का नको वाटते ते विचारते. तोंड कोरडं पडतं, दिवसभर झोप येते, म्हणतात ते. हे ती कागदावर लिहून ठेवते. डॉक्टर राउंडला येतील तेव्हा आण्णांचं गाऱ्हाणं ती मांडणार असते.

खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई दोन दिवस जेवलेली नाही. ताटाकडे बोट दाखवून म्हणते, ‘ह्यात कायतरी कालवलंया.’ आपण काय म्हणू? छे, काही नाही, जेवा. सिस्टर तसं म्हणत नाही, आणि ‘हो, कालवलंय’ असंही म्हणत नाही. ती म्हणते, ‘मला तसं काही दिसत नाही. पण तुम्हाला भ्या वाटतंय, ते दिसतंय.’ आणि बिस्किटांचा न फोडलेला पुडा बाईंच्या हातात देते. फोडायचा त्यांनीच. मग शेजारच्या स्टुलावर बसून राहते. काही बोलत नाही. घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला कागद फाटल्याचा आवाज आला.

अकरा मिनिटं गप्प बसणं हे कौशल्य आहे, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि ज्या वॉर्डात एकीवर तीस-चाळीस खाटा असतील, तिथे ही अकरा मिनिटं ती कुठून आणणार?

दुसरी गोष्ट एका ब्रदरने सांगितली. हाडांच्या वॉर्डात पाय मोडलेला एक माणूस. दोन दिवस ठीक. तिसऱ्या रात्री चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या, सलाईन उपसून काढलं, हात थरथर, अंग घामाने डबडबलेलं. घरचे म्हणाले, करणी. ब्रदरने एकच विचारलं, ‘मामा शेवटचं कधी प्याले?’ रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा बिथरतो आणि वेळेत उपचार न झाल्यास जीवही जातो. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवायचं नसतं, आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर मेंदूला आणखी इजा होऊ शकते. त्यानेच धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं.

आणि तिसरं, जे बघून भलेभले घाबरतात. काही औषधांच्या पहिल्या दिवसांत अचानक रुग्णाची मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ आत ओढली जाते. बघणाऱ्याला वाटतं, आता खात्रीच झाली, अंगात आलं. नातेवाईक अंगारा शोधायला लागतात. अनुभवी सिस्टर रुग्णाचा हात धरते, ‘हे औषधाने झालंय, आत्ता जाईल,’ असं त्याच्या कानाशी सांगते, आणि डॉक्टरांच्या सूचनेने इंजेक्शन देते. थोड्या वेळात मान सरळ. त्या मिनिटांत ती जे सांगते त्यावर ते घर पुढे औषधाकडे वळणार की देवऋष्याकडे, हे बरंचसं ठरतं.

[दृश्य : न्यायदेवतेचा पुतळा नको. साखळीचा जवळून फोटो पुरे.]

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. त्यांना पळता आलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याने साखळी पूर्ण बंद केली, भूल न देता शॉक द्यायला मनाई केली, आणि मानसिक आरोग्य परिचारिका म्हणजे कोण, हेही लिहून ठेवलं. कायदा चांगला आहे. माणसं कमी आहेत. देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ, तेही बहुतेक शहरांत. खेड्यातल्या घराला भेटतो तो चेहरा नर्सचा आणि आशाताईचा.

[दृश्य : पंचगंगा. राजाराम बंधारा. पाऊस.]

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे कोल्हापुरात पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१, पाण्याने शिरोळ, चिखली, आंबेवाडीचे संसार धुऊन नेले. पाणी ओसरलं, पंचनामे झाले. पण आजही पत्र्यावर पाऊस वाजला की काहींना झोप लागत नाही. छाती धडधडते, गाई सोडून ठेवाव्याशा वाटतात. एक आशाताई म्हणाल्या, ‘बी.पी. तपासायला आल्या की मी आधी झोपेचं विचारते. रडू येतंय का विचारलं तर न्हाई म्हणतात.’ १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, मोफत नंबरची चिठ्ठी त्या पर्समध्ये ठेवतात आणि बी.पी.च्या कागदाला जोडून देतात, म्हणजे घरात कुणी विचारलं तर सांगायला निमित्त राहतं.

[दृश्य : ओपीडी. दुपार. बाकावर एक वयस्क आई आणि चाळिशीचा मुलगा.]

हे दोघं दर तीन आठवड्यांनी एस.टी.ने येतात. मुलाला रोजच्या गोळ्या जमत नाहीत, म्हणून लांब मुदतीचं इंजेक्शन आहे. सिस्टर त्याला खुर्चीवर बसवते. मागच्या वेळी कुठल्या बाजूला दिलं होतं ते कार्डावर बघते.

‘डावीकडं दिलं होतं, सिस्टर,’ तोच सांगतो.

‘आज उजवीकडं मग. कामाला जातोयस का?’

‘ऊसतोड चालू हाय. पाणी देतो मजुरास्नी.’

‘किती वाजता उठतोस?’

‘पाचला. आईच्या आधी.’

आई बाकावरून म्हणते, ‘चहा बी त्योच करतो आता.’

सिस्टर कार्डावर पुढची तारीख घालते, एकवीस दिवसांनंतरची. कॅलेंडर बघून थांबते. त्या दिवशी सुट्टी आहे. तारीख खोडून एक दिवस आधीची लिहिते आणि ती मोठ्याने वाचून दाखवते. तो कार्ड शर्टच्या खिशात ठेवतो, वरून बटण लावतो.