डाव्या बाजूचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या श्रावणात माझ्या स्वयंपाकघरात एक वास यायला लागला. आधी वाटलं मोरी तुंबली, मग वाटलं कुठंतरी उंदीर मेलाय. दोन दिवस उदबत्त्या लावून काढले. तिसऱ्या दिवशी ओट्याखालची ट्रॉली ओढली, तर मागच्या कोपऱ्यात स्टीलचा डबा आणि डब्यात मटकी. सोमवारी मी ती भिजत घातली होती, मंगळवारी उपसून फडक्यात बांधली, डब्यात ठेवली आणि ट्रॉली आत ढकलली. ट्रॉली आत गेली तशी ती मटकी माझ्या डोक्यातूनही गेली. आता तिचे मोड बोटभर लांब होऊन, काळपट पडून, एकमेकांत गुंतून एक चिकट गोळा झाला होता. झाकण परत लावलं आणि तिथंच फरशीवर बसून रडले. पावशेर मटकीसाठी एवढं रडतं का कुणी?

मी साताऱ्याची. वय चव्वेचाळीस. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. तिथं कुठलंही पुस्तक मागा, मी दोन मिनिटांत काढून देते. पाककलेची पुस्तकं ६४१.५ या क्रमांकाखाली असतात, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. घरी मात्र मला जिरं सापडत नाही. सापडत नाही म्हणून नवीन आणते. दिवाळीच्या साफसफाईत एकदा जिऱ्याची पाच फोडलेली पाकिटं निघाली. मोहरी तेव्हाही नव्हतीच.

एकोणचाळिसाव्या वर्षी मला नैराश्याचं निदान झालं आणि त्यानंतर दोन वर्षांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष हवं तिथं टिकवता न येण्याच्या अवस्थेचं. हे दुसरं नाव आपण बहुतेक वेळा वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलग्यांच्या संदर्भात ऐकतो. जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १९०२ साली लंडनमध्ये यावर व्याख्यानं दिली, तीही मुलांविषयीच होती. आपल्यासारख्या बायांकडे लक्ष जायला पुढं फार वर्षं लागली. मोठेपणी निदान करताना डॉक्टर लहानपण तपासतात, कारण वयाच्या बाराव्या वर्षाआधी काही लक्षणं दिसलेली असावी लागतात. मला जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. आईनं ती पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता : ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ पाचवीत तोच. सातवीतही तोच, फक्त अक्षर वेगळं.

म्हणजे गोष्ट सगळ्यांना दिसत होती. आपल्या भाषेत तिला नावंही भरपूर आहेत. वेंधळी. धांदरट. गबाळी. ‘हिचं चित्त थाऱ्यावर नसतं.’ ‘काम सांगावं आणि आपणच करावं.’ लग्नानंतर त्यात ‘आळशी’ची भर पडली, आणि तो शब्द मी स्वतःच स्वतःला इतक्या वेळा लावला की दुसऱ्या कुणाला त्रास घ्यावा लागला नाही.

आता मला स्वयंपाकाविषयी बोलायचंय. ‘स्वयंपाक’ हा एक शब्द आहे, पण ते एक काम नाही. काय करायचं ते ठरवणं, घरात काय आहे ते आठवणं, कालच्या भाजीचं काय झालं ते बघणं, कणीक मळून झाकून ठेवणं, ती मुरते तोवर भाजी चिरणं, कुकर लावणं, शिट्ट्या मोजणं, त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर फोडणी, आणि हे सगळं साधारण एकाच वेळी गरम अवस्थेत ताटापर्यंत पोचवणं. ज्यांना येतं त्यांना हे दिसतसुद्धा नाही, त्यांचे हात आपोआप चालतात. माझ्या डोक्यात ही माळ ओवलेली राहतच नाही. मणी सगळे आहेत, दोरा नाही.

एका संध्याकाळचं सांगते. दूध तापायला ठेवलं. कोथिंबीर आणायला गॅलरीतल्या कुंडीकडे गेले. दोरीवर कपडे वाळले होते, ते काढले. शर्टाच्या खिशात विजेच्या बिलाची पावती निघाली, ती फाइलला लावायला आत गेले. फाइल उघडली तर मुलाच्या दहावीच्या फॉर्मची झेरॉक्स राहिलेली. पिशवी घेऊन मी चपला घालत होते, तेव्हा करपल्याचा वास आला. गृहप्रवेशाला आपण शुभ म्हणून मुद्दाम दूध उतू घालवतो ना, तर आमच्या घरी आठवड्यातून तीनदा गृहप्रवेश असतो.

कुकरचंही तसंच. एका महिन्यात दोनदा पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. भांड्यांच्या दुकानातले काका नवा व्हॉल्व्ह बसवता बसवता म्हणाले, “ताई, कुकरमध्ये पाणी घालायचं असतं.” मी हसले. घरी येईपर्यंत हसूच चेहऱ्यावर ठेवलं.

एडीएचडी या नावात लक्षाची ‘कमतरता’ आहे. मला ते नाव तितकंसं पटत नाही. लक्ष माझ्याकडे आहे, आणि खूप आहे. जुन्या हस्तलिखिताची सूची करायला बसले तर चार तास मान वर होत नाही, चहा गार होतो. फक्त ते माझ्या सांगण्यावरून कुठं जात नाही. जिथं रस वाटतो, नवेपणा असतो किंवा घाई लागलेली असते तिथं ते जातं. आणि रोजची भांडी घासण्यात यातलं काय आहे, तुम्हीच सांगा.

नैराश्याचा प्रकार वेगळा. दूध उतू जायलासुद्धा आधी कुणीतरी ते ठेवावं लागतं. त्या दिवसांत मी ओट्याच्या कडेला टेकून उभी असायचे. मोरीत एक चमचा पडलेला दिसायचा. तो घासायला किती वेळ लागतो? आठ-दहा सेकंद. मी वीस मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिलेय. मनात एकही विचार नसायचा, चांगला नाही, वाईटही नाही. भूक लागलेली कळायचीच नाही. चार वाजता हात थरथरायला लागले की लक्षात यायचं, सकाळपासून आपण दोन कप चहावर आहोत. आणि खाल्लं तरी घास तोंडात नुसता फिरायचा. काहींचं याच्या उलट होतं, दिवसभर काहीबाही खात राहावंसं वाटतं. डॉक्टर दोन्ही लक्षणांत धरतात.

हे दोन्ही एकत्र आले की कसं चक्र फिरतं बघा. काम अर्धवट सुटतं, भांडी साठतात. साठलेली भांडी बघून स्वतःची लाज वाटते. लाज वाटते म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नाही. पाऊल टाकत नाही म्हणून जेवण नाही, आणि उपाशी डोकं आणखीनच भरकटतं. त्यात औषधाची एक गंमत. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट नावाचं औषध देतात, त्यानं भूक मरते. दुपारचा डबा मी उघडायचे आणि तसाच बंद करायचे. आणि संध्याकाळी औषध उतरलं की आधाशासारखी फरसाणाची बरणी. डॉक्टरांना हे सांगायलाही मला तीन महिने लागले, कारण मला वाटलं हाही माझाच वेंधळेपणा. त्यांनी साधी गोष्ट सांगितली : गोळीआधी पोटभर नाश्ता, आणि दुपारी भुकेची वाट न बघता घड्याळ बघून खायचं. तुम्ही यातलं काही घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. माझं ऐकून गोळ्यांत फेरफार करू नका.

इथं एक आकडा सांगते. २०१९ साली देशात वेळेच्या वापराचं सरकारी सर्वेक्षण झालं. घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७, असं त्यात आलं. आता विचार करा, ज्या माणसाचा आजार नेमका ‘कामं क्रमानं उरकणं’ या जागीच बसलाय, त्याच्या वाट्याला रोज पाच तास ‘कामं क्रमानं उरकणं’ आलं तर काय होईल? ऑफिसात एखाद्या साहेबाची फाइल हरवली तर शिपाई शोधतो. माझं वरण करपलं की ते तीन ताटांत वाढलेलं असतं.

आमच्या घरी आधी काय काय झालं ते सगळं काही सांगत नाही. माझा नवरा वाईट नाही, पण ‘अगं, एवढं काय अवघड आहे त्यात?’ हे वाक्य त्यानं बरीच वर्षं वापरलं. डॉक्टरांकडे दोनदा बरोबर येऊन बसला, मग ते वाक्य थांबलं. भांडी आता त्याच्याकडे आहेत. तो ती वाईट घासतो. मी बोलत नाही.

मला खरी वाट सापडली ती आजीच्या स्वयंपाकघरात. वाईला आजीचं घर होतं. भिंतीला लाकडी मांडणी. त्यावर पितळेचे डबे उतरत्या क्रमानं, ताटं उभी, वाट्या पालथ्या, पळ्या खिळ्याला. लोणच्याच्या बरण्या समोर, दादरा बांधलेल्या. सगळं डोळ्यांसमोर. आईनं मात्र नवीन घरी कपाटं करून घेतली, आणि मी तर कर्ज काढून मॉड्युलर किचन केलं. एकोणीस दारं आणि ट्रॉल्या! चकचकीत, एकही वस्तू बाहेर नाही. आणि मला तर जी वस्तू दिसत नाही ती नसतेच. मग ग्रंथालयात मला सगळं का सापडतं हेही कळलं. तिथं कपाटांना दारं नाहीत आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी आहे.

मी सुताराला बोलावलं आणि वरच्या सगळ्या कपाटांची दारं काढायला सांगितली. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता, “ताई, काढायची? लोक बसवायला बोलावतात.” काढली. डाळी-कडधान्यं काचेच्या बरण्यांत आली. डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. दिसायला वाण्याचं दुकान दिसतं. नणंद आली तेव्हा म्हणाली, “काय गं, अजून काम चाललंय वाटतं?” मी हो म्हटलं.

दुसरी गोष्ट ताटाची. आपलं ताट वाढायची रीत ठरलेली आहे. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ, म्हणजे मेहनतीचे पदार्थ. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. माझ्या डोक्यात जेवण म्हणजे हे अख्खं ताट होतं. ते जमणार नसेल तर काहीच नाही, असा हिशोब. आता वाईट दिवशी मी डाव्या बाजूवर जेवते. पोळी विकतची, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि दही. काकडी कोचवायचीही नाही, नुसती धुऊन खायची. त्याहून वाईट दिवस असेल तर दूध-पोहे, नाहीतर केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. जरा बरं असेल तर मऊ भात, मेतकूट, तूप. आपल्याकडे आजाऱ्याला आणि बाळाला मेतकूट-भात देतातच की, मग मलाच का नको? पोळ्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. पहिले काही महिने मी त्या पदराआड लपवून आणत होते, जणू दारूची बाटली.

बाकी बारीकसारीक. भाजी मी स्टुलावर बसून चिरते. आजी विळीवर बसूनच चिरायची, उभा ओटा आला आणि बसणं गेलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, मोबाइलवर गजर लावते आणि तो वाजेपर्यंत स्वयंपाकघर सोडत नाही, दारावर कुणी आलं तरी. माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला बाहेर ठेवलाय आणि उरलेली भांडी माळ्यावर, म्हणजे साठून साठून साठणार किती? गौरी-गणपतीत मात्र यातलं काही चालत नाही. त्या चार दिवसांचा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. यंदा पुरणपोळ्या विकत आणल्या आणि दोन जावांनी ओळखल्या.

आणि हो, यातलं काहीच औषधाशिवाय आणि समुपदेशनाशिवाय मला जमलं नसतं. दारं काढून नैराश्य जात नाही. ज्या दिवसांत मी त्या चमच्याकडे बघत उभी होते, त्या दिवसांत सुतार बोलवायचंही सुचलं नसतं. पहिल्या डॉक्टरांनी मला मुलात मन रमवायला सांगितलं होतं, मी दीड वर्ष रमवत बसले. तुमच्या घरात कुणी असं उभं राहत असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस तिला कशातच गोडी वाटत नसेल, तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ हा नंबर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि फोन घरातल्या दुसऱ्या कुणी केला तरी चालतो. आणि जगणंच नको असं कुणी बोलून दाखवलं, तर दोन आठवडे मोजत बसू नका, तेव्हाच फोन करा.

आज इथं रेकॉर्डिंगला निघण्याआधी मी मटकी उपसली. फडक्यात बांधली आणि गाठोडं मोरीवरच्या नळाला टांगलंय. पाणी घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडासमोर. मुलगा वैतागला, ग्लास भरता येत नाही म्हणाला. उद्या मोड येतील. उसळ होईलच असं काही मी सांगत नाही. नाही झाली तर कच्चीच खाऊ, कांदा आणि लिंबू घालून. तीही डाव्या बाजूचीच.

नमस्कार.