तिकीट कव्हरातच ठेवायचं

[दृश्य: खिडकीपाशी टेबल, दोन हात, काळी तबकडी]

हे हात बघा. ७९ वर्षांच्या माणसाचे हात आहेत, आयुष्यभर या हातांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये दारोदार टपाल वाटलंय, बर्फात पण आणि उन्हात पण, आणि आता ही तबकडी कशी धरलीये बघा, कड तळहाताला टेकलेली, दोन बोटं मधल्या लेबलवर, बाकी खाचांना कुठेही बोट लागलेलं नाही.

आजोबांनी एकच अट घातली होती, माझं नाव नको आणि माझ्या घराचा नंबर नको. त्यामुळे या व्हिडिओत ते फक्त आजोबा, मॉन्ट्रियलच्या जॅझच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवणारे. आमची ओळख एका चर्चच्या तळघरात जुन्या रेकॉर्ड्सचा सेल होता तिथे झाली, मी नुसता बघत होतो आणि एक तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडून उचलली, तर मागून आवाज आला, "अशी नाही, अशी." आणि त्यांनी धरून दाखवली. तिथून हे सगळं सुरू झालं.

[दृश्य: वाटीत पाणी, मऊ कापड, तबकडीवर गोल फिरणारा हात]

आता हे जरा निवांत बघा, मी मुद्दाम कट केलेलं नाही. पाणी डिस्टिल्ड आहे, नळाचं चालत नाही, नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचांत बसतात. त्यात साबणाचा अगदी एक थेंब. कापड खाचेच्या दिशेने गोल गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. लेबल कागदाचं आहे, त्याला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून ते डाव्या हाताने झाकलंय. आणि अल्कोहोल अजिबात नाही. व्हिनाइलच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या एलपीला थोडं चालून जातं म्हणतात, पण ही ७८ ची तबकडी आहे, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, हिला अल्कोहोल लावलं तर तबकडीच विरघळायला लागते, कारण ही लाखेची आहे.

हो, आपली लाख. पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर किडे जी राळ सोडतात ती, जिच्या बांगड्या होतात, जिने पाकिटावर सील मारतात. व्हिनाइल यायच्या आधी जगभरातल्या रेकॉर्ड्स या लाखेत दगडाची पूड वगैरे मिसळून दाबून काढायचे आणि लाख मुख्यतः जायची ती हिंदुस्थानातून. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेना तेव्हा अमेरिकेत १९४२ मध्ये रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर सरकारने बंधनं आणली होती. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तबकडी उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. तो शॉट हा.

[दृश्य: उजेडात धरलेली तबकडी, शांतता]

हिच्यावरचं लेबल वाचूया. आर.सी.ए. व्हिक्टर, आणि वर ग्रामोफोनसमोर कान देऊन बसलेला तोच कुत्रा, आपल्या आजी-आजोबांच्या घरात एचएमव्हीच्या रेकॉर्डवर असायचा तो. सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला एमिल बर्लिनरने, १८८७ मध्ये पेटंट घेतलं, पण अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांत त्याचा धंदा अडकला आणि माणूस मॉन्ट्रियलला आला, १८९९ मध्ये इथे कंपनी काढली. नंतर सेंट हेन्री भागात लनुआर स्ट्रीटवर त्याचा मोठा कारखाना उभा राहिला, तो पुढे व्हिक्टर कंपनीकडे आणि मग आर.सी.ए. व्हिक्टरकडे गेला. इमारत अजून आहे, ही विटांची जी दिसतेय ती, आत आता बर्लिनरच्या नावाचं म्युझियम आहे.

आजोबांचा संग्रह म्हणजे दुनियेचा जॅझ नाही, हे समजून घ्या. त्यांच्याकडे न्यूयॉर्क, शिकागो काही नाही. फक्त या शहरात वाजलेलं किंवा या शहरातल्या माणसांनी वाजवलेलं, बस. लोक हसतात म्हणे, की एवढाच का. मला उलट वाटतं की हेच खरं जमवणं, कारण न्यूयॉर्कचं जपायला सगळं जग आहे, मॉन्ट्रियलचं कोण जपणार.

[दृश्य: लेबलवर बोट, नाव वाचताना]

ऑस्कर पीटरसन. पियानो. १९४५ च्या वसंतात ही रेकॉर्ड झाली तेव्हा पोरगा १९ वर्षांचा होता. वडील डॅनियल पीटरसन कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत पोर्टर, मोठी बहीण डेझी पियानो शिकवायची, तिनेच ऑस्करला शिकवलं आणि पुढे इथल्याच दुसऱ्या जॅझ पियानोवाल्याला, ऑलिव्हर जोन्सलाही. त्या वेळी ऑस्कर बूगी-वूगी वाजवायचा, डावा हात इंजिनासारखा धडधडत आणि उजवा हात वर मोकळा सुटलेला. आणखी चार वर्षांनी, १९४९ मध्ये, नॉर्मन ग्रँझ नावाचा अमेरिकन जॅझवाला टॅक्सीने विमानतळाकडे चालला होता, टॅक्सीच्या रेडिओवर पियानो ऐकला, ड्रायव्हरने सांगितलं की हे इथल्या अल्बर्टा लाउंजमधून लाइव्ह चाललंय, त्याने गाडी वळवायला लावली, आणि त्याच वर्षी ऑस्कर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये होता. हा किस्सा आजोबा दर वेळी सांगतात आणि दर वेळी टॅक्सी वळते तिथे हात वळवून दाखवतात, बघा.

[दृश्य: लिटल बर्गंडी, भिंतीवरचं मोठं चित्र]

हे लिटल बर्गंडी. रेल्वे स्टेशनच्या खालच्या अंगाची वस्ती, इथली बरीच कृष्णवर्णीय कुटुंबं रेल्वेच्या पगारावर जगायची, कारण शिकलेल्या माणसालाही पोर्टर सोडून दुसरं काम सहसा देत नसत. रूफस रॉकहेड हाही आधी पोर्टरच, जमैकाहून आलेला, त्याने १९२८ मध्ये सेंट आंत्वान रस्त्यावर रॉकहेड्स पॅराडाइज हा क्लब काढला. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी आणि इथे क्युबेक प्रांतात दारू खुली, त्यामुळे सीमेपलीकडून लोक गाड्या भरभरून यायचे आणि वाजवणाऱ्यांना रोज रात्री काम असायचं. समोरच कॅफे सेंट मायकल. आजोबा सांगतात, लहानपणी या फुटपाथवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी दोन वेगवेगळी गाणी यायची.

भिंतीवर ऑस्करचं हे जे चित्र आहे ते जीन पेंडनने २०११ मध्ये काढलं, सेंट जॅक रस्त्याच्या कोपऱ्यावर. रॉकहेड्सची इमारत आता नाही, साठच्या दशकात घरं पाडली, सत्तरच्या दशकात मधून मोटरवे गेला आणि वस्ती पांगली.

[दृश्य: परत खोली. कव्हर उलटं करताना तिकीट खाली पडतं]

आता हे बघा काय पडलं. हे आम्ही ठरवून केलेलं नाही, कॅमेरा चालू होता म्हणून मिळालं.

तिकीट आहे. फुटबॉलच्या मॅचचं. मॅचवरून घरी आल्यावर त्या रात्री जी रेकॉर्ड ऐकली तिच्याच कव्हरात त्या दिवसाचं तिकीट ठेवायचं, ही त्यांची पद्धत. वही नाही, यादी नाही. कुठली मॅच कुठल्या कव्हरात, सगळं डोक्यात. मी म्हटलं आजोबा, अल्बम करून देऊ का, छान प्लास्टिकचा? तर म्हणाले, "तिकीट कव्हरातच ठेवायचं. नाहीतर ती रात्र कशी सापडणार?"

हा फुटबॉल म्हणजे सॉकर नाही आणि अमेरिकन फुटबॉलही नाही, नीट ऐका. हा कॅनेडियन फुटबॉल, याचं स्वतःचं मैदान, स्वतःचे नियम. अमेरिकन मैदान १०० यार्ड लांब, हे ११०. ते साधारण ५३ यार्ड रुंद, हे ६५. त्यांचे ११ खेळाडू, यांचे १२. त्यांना १० यार्ड पुढे जायला चार संधी म्हणजे चार डाउन, यांना तीनच. कबड्डी बघणाऱ्यांना लगेच कळेल, प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, तशीच इथे तिसऱ्या डाउनची अवस्था, एकतर बॉल लाथेने लांब उडवून समोरच्याच्या ताब्यात द्या नाहीतर सगळं पणाला लावून पुढे घुसा. त्यामुळे रेंगाळत खेळता येतच नाही, बॉल हवेतून फेकावाच लागतो, आणि मैदान एवढं रुंद की पळायला जागाच जागा. शिवाय रूज नावाचा एक पॉइंट, लाथाडलेला बॉल समोरच्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात गेला आणि त्याला तो बाहेर काढता आला नाही की एक गुण. एका गुणाने मॅच फिरते, आणि तेवढ्या त्या एका गुणासाठी पूर्ण स्टेडियम उभं राहतं.

टीम मॉन्ट्रियल आल्युएट्स, फ्रेंचमध्ये आल्युएट म्हणजे चंडोल. टीम १९४६ ची, आजोबाही १९४६ चे.

[दृश्य: १९७७ चं तिकीट, जवळून]

हे तिकीट २७ नोव्हेंबर १९७७ चं. ग्रे कपची, म्हणजे कॅनेडियन फुटबॉलच्या करंडकाची फायनल, ऑलिम्पिक स्टेडियम, तेव्हा त्याला छप्पर नव्हतं. आधी बर्फ पडला, मैदानावर मीठ टाकलं, बर्फ वितळला आणि परत गोठला, म्हणजे मैदानाची काचच झाली. वर शहरातल्या बस-मेट्रोचा संप. तरी ६८,३१८ माणसं आली, आजोबा चालत गेले. आल्युएट्सचा टोनी प्राउडफूट, त्याने मैदानावरच्या कामगाराकडून स्टेपल गन घेतली आणि बुटाच्या तळव्यात स्टेपल मारून घेतले, बर्फात पकड यावी म्हणून, मग बाकीच्यांनीही मारले. एडमंटनला ४१–६ असं हरवलं. आजोबांचे पाय दोन दिवस बधिर होते, आणि त्या रात्री त्यांनी काय ऐकलं ते या कव्हरावर वाचा, ऑलिव्हर जोन्स नाही, ऑस्करच.

मग १९८७ मध्ये मोसम सुरू व्हायच्या तोंडावर टीमच बंद पडली. नऊ मोसम या शहरात कॅनेडियन फुटबॉल नव्हता. १९९६ मध्ये बाल्टिमोरची टीम इकडे आली, जुनं नाव परत मिळालं, पण ऑलिम्पिक स्टेडियमच्या एवढ्या पसाऱ्यात माणसं फिरकेनात. आणि मग माझ्या आवडीची गोष्ट झाली, ज्यात संगीतानेच फुटबॉल वाचवला. नोव्हेंबर १९९७, प्लेऑफची मॅच, आणि त्याच दिवशी ऑलिम्पिक स्टेडियम यू-टू या आयरिश बँडच्या कॉन्सर्टला दिलेलं. मॅच करायची कुठे? नाइलाजाने मॅकगिल युनिव्हर्सिटीचं जुनं मोल्सन स्टेडियम उघडलं, डोंगराच्या उतारावरचं, आणि ते खच्चून भरलं. पुढच्या वर्षीपासून टीमचं घर तेच.

[दृश्य: चढाचा रस्ता, लाल-निळ्या जर्सी, आजोबा पाठमोरे, हातात थर्मास]

आत शूटिंगची परवानगी नव्हती, म्हणून तुम्हाला हा चढच दाखवतोय, पण हा चढ बघण्यासारखा आहे. ऑक्टोबर महिना, मेपलची पानं पायाखाली, ढोल ऐकू येतोय. आजोबांच्या एका कानात ट्रान्झिस्टरचा इअरफोन, कारण कॉमेंट्री रेडिओवरचीच लागते. बरोबरची सगळी मंडळी नातवांच्या वयाची आणि आजोबांना कुणी धक्का मारत नाही, आपोआप वाट करून देतात. स्टेडियमला नाव आहे पर्सिव्हल मोल्सनचं, मॅकगिलचाच खेळाडू, १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. आणि याच मॅकगिलची पोरं १८७४ मध्ये हार्वर्डला जाऊन आपल्या नियमांनी खेळली होती, तिथून अमेरिकेचा आजचा फुटबॉल घडत गेला. म्हणजे शिकवलं यांनी. हे मी परत सांगतो, शिकवलं यांनी.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनेडियन फुटबॉलच्या लीगने जे जाहीर केलं ते इतकं लागलं. २०२७ पासून मैदान १०० यार्डांचं, एंड झोन २० ऐवजी १५ यार्ड, गोलपोस्ट मागे सरकवणार, आणि रूज तर २०२६ पासूनच आखडता घेतलाय, बॉल नुसता एंड झोनमधून बाहेर गेला तर गुण नाही. तीन डाउन, १२ खेळाडू, ६५ यार्डांची रुंदी तशीच राहणार, ती आहे तोवर खेळ आहे. आजोबांना विचारलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, थर्मासचं झाकण लावलं.

आजोबांनी घर विकायला काढलंय, वसंतात मुलीजवळच्या फ्लॅटमध्ये जायचंय, तिथे एका भिंतीपुरतीच जागा आहे.

[दृश्य: रात्र, टीव्हीचा उजेड चेहऱ्यावर, आवाज बंद]

ही १६ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. ग्रे कपची फायनल विनिपेगला, आल्युएट्स आणि सस्कॅचेवान. आठवडाभर आधी हॅमिल्टनला त्यांच्याच घरात १९–१६ असं हरवून आलेत, त्यामुळे खोलीत फार बोलणं नाही, नुसती आशा. टीव्हीचा आवाज बंद, ट्रान्झिस्टर चालू, रेडिओ थोडा पुढे असतो म्हणून आजोबांना काय झालं ते आमच्या आधी कळतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहा, मॅच तिथेच दिसतेय. शेवटाकडे गोललाइनच्या अगदी तोंडाशी बॉल निसटला तो क्षण हा.

[दृश्य: चेहरा. निवेदन नाही]

२५–१७. सस्कॅचेवान.

मॅच विनिपेगची, घरी बघितलेली, तिकीट कुठून असणार. मग त्यांनी टेबलावरचं एक जुनं पाकीट घेतलं, मागची कोरी बाजू कात्रीने तिकिटाएवढी कापली, पेन्सिलने तारीख लिहिली, स्कोअर लिहिला, खाली लिहिलं "घरी". तबकडी बाहेर काढली, सकाळी धुतलेली तीच, आणि कागदाचा तुकडा कव्हरात सरकवला.

आता सुई खाली येतेय. ७८ ची सुई जाड असते, एलपीची लावली तर खाचेच्या तळाशी घासत जाते. एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. मी आता बोलत नाही, बाजू संपेपर्यंत ऐका.