जादूची किंमत कशात मोजायची?

[दृश्य: पेन्सिलीने खाडाखोड केलेलं कॅरेक्टर शीट, म्हणजे खेळातल्या पात्राच्या नोंदीचा कागद. शेजारी वीस बाजूंचा फासा.]

निवेदन:
साल १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथून तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका बाजारात आला: डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या या खेळात योद्धा दिवसभर तलवार चालवायचा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, जादूगाराला मात्र दिवसाला एकच मंत्र. तो आधी निवडून पाठ करायचा आणि एकदा वापरला की डोक्यातून पुसला जायचा. सकाळी शत्रूला झोपवणारा मंत्र घेतला आणि समोर सांगाडे उभे राहिले, तर संपलंच. सांगाडे कुठले झोपताहेत!

आपल्याला हे उलटंच वाटतं. मंत्र जपाने बळावतो, असं आपण ऐकत आलो. इथे तो उच्चारला की गेला.

ही कल्पना आली जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकातून. त्यातला माझिरियन हा जादूगार कठोर सराव करूनही एका वेळी चार मोठे किंवा सहा लहान मंत्रच डोक्यात ठेवू शकतो. गोष्टीत हे झकास वाटतं. खेळात मात्र त्याची जमाखर्चाची वही झाली. वही सोयीची, हे मान्य. जादूगार डोईजड होत नाही. पण मंत्र म्हणताना त्याचं स्वतःचं काही पणाला लागत नाही.

[दृश्य: ॲरिझोनातलं फीनिक्स शहर. जुन्या छपाईची पुस्तिका.]

डंजन्स अँड ड्रॅगन्सनंतर पुढच्याच वर्षी, १९७५ साली, फीनिक्सच्या केन सेंट आंद्रेने ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा खेळ काढला. त्यात मंत्राची किंमत शरीराच्या ताकदीतून वजा होते. विश्रांती घेतली की ताकद परत येते, पण तोवर हातातलं शस्त्रही जड व्हायला लागतं. दमलेला जादूगार पहिल्यांदा खरोखर दमलेला दिसला, तो इथे.

[दृश्य: मध्ययुगीन हस्तलिखित. लाकडी दाराचा क्लोज-अप.]

आणि मग १९८७. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा ‘आर्स मॅजिका’. काळ साधारण सन १२२०, जागा युरोप. इथे मंत्रांच्या यादीत अडकून राहावं लागत नाही. पाच लॅटिन क्रियापदं आहेत: निर्माण करणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं, ताबा मिळवणं. आणि दहा नामं: आग, पाणी, वनस्पती, शरीर, मन वगैरे. क्रियापदाला नाम जोडा, मंत्र तयार.

समोर बंद दार आहे. लाकूड वनस्पतीत मोडतं, म्हणून ‘पेर्डो हर्बम’: दारच नष्ट करा. किंवा ‘रेगो तेर्राम’: लोखंडी कुलपावर ताबा मिळवा. आयत्या वेळी मंत्र रचायचा, तर क्रियापद आणि नाम या दोन्ही विद्यांमधले गुण, शरीराचा चिवटपणा आणि फासा यांची बेरीज करायची. समजा चोवीस आली. अंगाला थकवा लावून घ्यायची तयारी असेल, तर तिचे निम्मे मिळतात: बारा. थकायचं नसेल, तर पाचाने भागायचं. हातात धड पाचही नाहीत. बिकट प्रसंगी फाशावर शून्य पडलं, तर मंत्र अंगावर उलटण्याची भीती.

माझ्या मते या खेळाची खरी करामत दारापलीकडे आहे. असा जादूगार एवढा भारी पडतो, की तो सोबत असला तर इतरांना करायला काही उरत नाही. म्हणून टेबलावरची रीतच बदलली. आज एकाचा जादूगार बाहेर पडतो, बाकीचे शिपाई नाहीतर सोबती होऊन खेळतात. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी.

[दृश्य: जळकी बोटं, विचित्र रंगाचे डोळे. चित्रमालिका.]

२०१२ सालच्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ने तर शरीरच गहाण टाकायला लावलं. प्रत्येक मंत्राला फासा आणि स्वतंत्र तक्ता. हवं तर ताकद, चपळाई, दम जाळून आकडा वाढवा. फाशावर एक आला, तर कातडी किंवा चेहरा कायमचा बिघडू शकतो.

गंमत म्हणजे, २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती घडवण्यात तोच जोनाथन ट्वीट अग्रभागी होता. त्या आवृत्तीत सॉर्सरर हा नवा जादूगार आला. मंत्र मोजकेच येणार, पण सकाळी पाठांतर नाही.

[दृश्य: आजचं टेबल. चौघे खेळाडू, पडद्याआड गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा.]

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर मंत्रगुणांचा पर्यायी नियमच छापला आहे. पाचव्या पातळीच्या विझर्डला, म्हणजे पाठांतर करणाऱ्या जादूगाराला, सत्तावीस गुण. आगीचा गोळा, म्हणजे फायरबॉल, पाच गुणांना. हा तिसऱ्या पातळीचा मंत्र, आणि नेहमीच्या नियमाने त्या पातळीचे मंत्र म्हणायला विझर्डला दिवसाला फक्त दोन जागा असतात. गुणांच्या हिशेबाने तो पाच गोळे फेकतो आणि वर दोन गुण उरतात, एका लहान मंत्रापुरते. नियम लागू करायचा की नाही, हे गेममास्टरने ठरवायचं. विझर्डचा खेळाडू अर्थातच हो म्हणणार. योद्ध्याच्या खेळाडूलाही एकदा विचारून बघा.