टायटनवरची ती : एका गेम-पात्राची जडणघडण

(दृश्य : कोरा कागद, त्यावर पेन्सिलीचा हात.)

विज्ञानकथेतलं पात्र काढायला घेतलं की हात आपोआप मळलेल्या वाटेनं जातो. चकचकीत चिलखत, काळ्या काचेचं शिरस्त्राण, छातीवर निळा दिवा. अशी पात्रं ढिगानं आहेत. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. म्हणून आपण पोशाखापासून सुरुवात करायचीच नाही. आधी जागा ठरवू.

जागा आहे टायटन, शनीचा सर्वांत मोठा उपग्रह. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान तिथे उतरलं. तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास. हवेचा दाब पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट, गुरुत्वाकर्षण मात्र सातव्या हिश्शाएवढं. मिथेनचा पाऊस, मिथेनची सरोवरं, आणि नारिंगी धुरकं इतकं दाट की जमिनीवरून शनीची कडी दिसणारच नाहीत.

हे आकडेच तिचे कपडे शिवतात. दाब भरपूर आहे, म्हणजे चंद्रावरच्या अंतराळवीरासारखा फुगीर सूट नको. लागतात ऑक्सिजन आणि ऊब. पोशाख अंगालगतचा, पण अनेक थरांचा. शिवाय हवा दाट आणि वजन कमी. दंडांना पंख बांधले तर माणूस तिथे स्नायूंच्या बळावर उडू शकेल. पंख शोभेसाठी नाहीत, ती जागाच ते मागते.

आता काम. ती सैनिक नाही, हे मुद्दाम. सरोवराकाठची मापनयंत्रं दुरुस्त करते. थंडीमुळे हातमोजे इतके जाड की बोटांत स्क्रू धरणं अशक्य. मग अवजारं मनगटावरच हवीत : उजव्या मनगटाभोवती फिरणारी एक चकती, तिच्यावर पाना, चिमटा, कटर. ही चकती फिरवायची कशी? दुसरा हातही तेवढ्याच जाड मोज्यात. म्हणून ती मनगट मांडीवर घासते. एक झटका, अवजार बदललं.

(दृश्य : मांडीवरचा झिजलेला भाग, अगदी जवळून.)

ही लकब कागदावर उतरली आणि चित्रात माणूस आला. मांडीवरचं तेवढंच कापड झिजून फिकट पडलेलं दाखवलं, की तिनं तिथे किती वर्षं काढली ते सांगायला संवाद लागत नाही.

अडचणीतून रूप घडतं याचा पुरावा गेमच्या इतिहासातही आहे. 'मेट्रॉइड' या गेमची नायिका सॅमस अरान १९८६ ची. १९९१ मध्ये ती गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्रावर आली, तेव्हा पडद्यावर एकाच रंगाच्या चार छटा होत्या. नवा सूट जुन्यापेक्षा वेगळा कळावा कसा? खांदे मोठे, गोलाकार केले. तेच खांदे पुढे तिची खूण होऊन बसले.

कॅमेरा पात्राच्या मागे असेल, तर खेळाडूला चेहऱ्यापेक्षा पाठ जास्त दिसते. २००८ च्या 'डेड स्पेस'नं हे नेमकं हेरलं आणि नायकाची प्रकृती दाखवणारी पट्टी त्याच्या कण्यावरच उजळवली. आपल्या पात्राच्या पाठीवर ऑक्सिजनची दोन नळकांडी आणि मिटलेले पंख आहेत. टायटनवरचा उजेड पृथ्वीवरच्या हजाराव्या हिश्शाएवढा, त्यामुळे रंगांवर विसंबून चालणार नाही. आकृती पूर्ण काळी करून अंगठ्याएवढी केली, तरी ती ओळखू यायला हवी.

मग चित्र त्रिमितीत जातं आणि नवं भांडण सुरू होतं. मनगट मांडीवर घासताना पंखाचं कापड मांडीतून आरपार जातं. लकब सोडायची की पंख? माझ्या मते लकब कधीच सोडू नये. पंख मिटताना कोपरापर्यंत गुंडाळले जातील असे केले, आणि चालतानाची आकृतीही सुटसुटीत झाली.

उडीचं गणित त्याहून अवघड. पृथ्वीवरची अर्ध्या सेकंदाची उडी तिथे साडेतीन सेकंदांहून लांबते. एवढा वेळ हवेत लटकलेला खेळाडू वैतागतो. म्हणून वर जाणं झटपट, खाली येणं संथ. विज्ञानाशी केलेली ही तडजोड मला मान्य आहे, कारण टायटन जाणवतो तो उतरतानाच.

शेवटी गेमचा नियंत्रक (कंट्रोलर) अनोळखी खेळाडूच्या हातात द्यायचा, सूचना न देता. समोर कडा, खाली सरोवर. त्यानं आपणहून उडी मारून पंख उघडले तर रेखाटन जमलं. तो कड्यावर थांबून वाट शोधत बसला, तर पंख पुन्हा कागदावर.