पा, सा, ग, ध

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत सकाळी शिरले, की तारेच्या आधी रंध्याचा आवाज कानी येतो. दुकानांच्या छताला भोपळे टांगलेले असतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले हे भोपळे पुरते वाळून खणखणीत झाल्याशिवाय कोणी त्यांना हात लावत नाही. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याच गल्लीत शाळकरी वयात भोपळे घासायला आलेला एक मुलगा आज सांगलीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उकुलेले हे गिटारसारखे छोटे तंतुवाद्य घडवतो आणि संध्याकाळी तेच घेऊन कार्यक्रमाला जातो.

उकुलेले म्हटले की हवाई बेटे आठवतात. मात्र त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदैरा बेटावरील एका छोट्या तंतुवाद्यात आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये मदैराहून निघालेले एक जहाज हवाईतील होनोलुलूला पोहोचले. त्यातील बहुतेक माणसे उसाच्या मळ्यांत मजुरीला आली होती आणि त्यांच्यात मॅन्युएल नुनिस, ऑगस्टो डिआस व जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. त्यांनी तेथील कोआ लाकडातून घडवलेले वाद्य राजा कालाकौआच्या दरबारापर्यंत गेले. उसाचा हा धागा सांगलीकराला जवळचा वाटतो, हे मान्य करायला हरकत नाही.

या वाद्याच्या चार तारा साधारणपणे जी, सी, ई, ए या पाश्चात्त्य स्वरांत लावतात. सीला षड्ज मानले तर त्या होतात पा, सा, ग, ध. यात एक रिषभ मिळवला की भूप रागाचे स्वर पूर्ण होतात. तानपुऱ्याची पहिली तारही बहुधा पंचमातच लावतात, त्यामुळे आमच्या कारागिराला हे वाद्य पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा परके वाटले नाही. अडचण आली ती घडवताना.

तानपुऱ्याची घोडी रुंद असते. तिच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार निसटती टेकते, खाली सुताचा दोरा सरकवला जातो आणि मग ती झणकारते. हीच जवारी. ती काढण्यात कारागिराची उमर जाते. उकुलेलेच्या नायलॉन तारेला मात्र अरुंद, कडक कडेवर स्पष्ट टेकावे लागते. तेथे झणकार आला तर वाद्य सदोष ठरते. जो गुण साधण्यासाठी त्याने दहा वर्षे कानस चालवली, तोच येथे काढून टाकायचा होता. शिवाय नायलॉनच्या तारेचा ताण कमी, म्हणून वरची फळी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ठेवावी लागते. तो फळी कानाशी धरून अंगठ्याने टिचकी मारतो. आवाज बोदा आला की पुन्हा रंधा, आणि एक जादा हात फिरला की फळी वाया.

लाकूड मात्र त्याला गल्लीतच मिळाले. तानपुऱ्याच्या दांडीसाठी वापरले जाणारे तुण हे महोगनीच्याच कुळातील झाड आहे आणि महोगनीचे उकुलेले जगभर बनतात. पहिले वाद्य त्याने ऐन जुलैमध्ये, ओल धरलेल्या फळीचे जोडले होते. एप्रिलच्या उन्हात लाकूड आक्रसले आणि फळी मधोमध उभी तडकली. ते वाद्य अजून शेडमध्ये खुंटीला लटकले आहे. तेव्हापासून प्रत्येक फळीवर पेन्सिलीने तारीख घातलेली असते.

पडद्यांचे, म्हणजे सूर धरण्यासाठी दांडीवर बसवलेल्या आडव्या पट्ट्यांचे, गणित वेगळेच आहे. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, रागानुसार तो सरकवता येतो. उकुलेलेचा पडदा एकदा ठोकला की ठोकला. तारेची लांबी ३८० मिलिमीटर असेल तर पहिला पडदा तिच्या वरच्या टोकापासून २१.३ मिलिमीटरवर येतो. त्यात चूक झाली तर गाणाऱ्याचा सूर आणि वाद्याचा सूर जन्मभर भांडत राहतात.

शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील मंडप, क्वचित एखादे लग्न, एवढेच त्याचे रंगमंच आहेत. अनेक जण त्याला ‘लहान मुलांची गिटार’ वाजवणारा समजतात. तो समजूत घालत बसत नाही, थेट भूप छेडतो. पोटापाण्यासाठी दुरुस्तीची कामे आहेतच.

नवे वाद्य तयार झाले की तो ते मिरजेला, आपल्या गुरूंकडे, म्हणजे चाचांकडे नेतो. या खेपेला चाचांनी तानपुऱ्याचा पंचम छेडला, त्यावर उकुलेलेचा पंचम मिळवून घेतला, मग प्रत्येक तार पडद्यापडद्यावर दाबून ऐकली. तिसऱ्या पडद्यावर तार बारीकशी झणझणली. चाचांनी चष्म्यावरून पाहिले.

“जवारी मुद्दाम ठेवलीस का रे?”

त्याने काही न बोलता वाद्य मांडीवर घेतले, तारा सैल केल्या आणि पिशवीतून बारीक कानस काढली.