माहीमचा बुधवार

आज बुधवार. माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे जाणारा रस्ता सकाळपासूनच भरलेला असतो. कुणी रात्रपाळी संपवून आलंय, कुणी कामावर जाता जाता, कुणी म्हाताऱ्या आईचा हात धरून. बाहेर हार आणि मेणबत्त्या विकायला मांडल्या आहेत. मेणाचे हात-पाय आहेत, मेणाची घरंही आहेत. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं, ते तो हातात घेऊन आत जातो.

इथलं मूळ चर्च सोळाव्या शतकातलं, पोर्तुगीज काळातलं. आजची इमारत १९७३ची. पण बुधवारची ही गर्दी सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ रोजी. त्या दिवशी, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, इथे पहिली नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ बुधवार करायची मरियामातेची प्रार्थना, झाली. तेव्हापासून लोक नऊ बुधवार धरतात आणि अनेकांचे नऊ संपून पुन्हा नऊ सुरू होतात. दिवसभर वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना चालतात, मराठीतही. येणारे सगळे ख्रिस्ती नसतात. हिंदू येतात, मुसलमान येतात, पारशी येतात.

आणि येतात चिठ्ठ्या. नोकरी, घरभाडं, परीक्षा, व्हिसा, न जमणारं लग्न, नवऱ्याची दारू, उद्याचं ऑपरेशन. त्यांतल्या काही विनंत्या सगळ्यांसमोर वाचल्या जातात. मला या नोव्हेनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. घरात ज्याविषयी कुणी मोठ्याने बोलत नाही, ते इथे देवापुढे मोठ्याने बोललं जातं आणि ज्यांना आपलं नावही ठाऊक नाही अशी माणसं त्यासाठी हात जोडतात.

एवढ्या बारीकसारीक गोष्टींसाठी देवाला कशाला त्रास द्यायचा, असं पुष्कळांना वाटतं. कानागावचं लग्न आठवा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे. ऐन लग्नात द्राक्षारस संपला. कुणी आजारी नव्हतं, कुणी मरत नव्हतं. पाहुण्यांसमोर मान खाली जायची वेळ आली होती, इतकंच. येशूची आई मरिया त्याला म्हणाली, "त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही." काय कर, कसं कर, हे तिने सांगितलं नाही. जे नव्हतं ते सांगितलं आणि सेवकांना त्याचं ऐकायला लावलं. संसारातली अडचण देवापुढे कशी मांडावी, हे याहून सोपं करून कुणी सांगितलेलं नाही.

आता मरियामातेच्या ज्या चित्रापुढे ही नोव्हेना होते, ते पाहा. सदैव साहाय्य करणाऱ्या मातेचं हे चित्र जगभर पोचलं ते १८६६नंतर. त्या वर्षी रोममधलं मूळ चित्र रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या चर्चमध्ये लावलं गेलं. वर दोन देवदूत आहेत. एकाकडे भाला, दुसऱ्याकडे क्रूस. बाळ येशूने मागे वळून तो क्रूस पाहिलाय. दोन्ही हातांनी त्याने आईचा हात धरलाय आणि एका पायातली चप्पल निसटून लोंबतेय. घाबरलेलं मूल आईकडे धावलं की असंच दिसतं. ज्याच्यापुढे आपण काळजी मांडतो, त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक आहे. ख्रिस्ती प्रार्थनेतला सगळा धीर इथून येतो.

प्रत्येक मागणी पुरी होते का? नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूनेही मागितलं होतं, हे दुःख टळू दे म्हणून. तेच मागणं त्याने पुन्हा पुन्हा केलं, आणि दर वेळी "माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असंही म्हटलं. दुःख टळलं नाही. पण जो बागेत आला तेव्हा जमिनीवर पडून व्याकूळ झाला होता, तोच प्रार्थनेनंतर उठला आणि झोपलेल्या शिष्यांना म्हणाला, "उठा, आपण जाऊ."

इथून बाहेर पडणाऱ्या कित्येकांचं भाडं अजून थकलेलंच आहे, ऑपरेशन अजून व्हायचंच आहे. ते त्याच ऑपरेशनला, त्याच घरमालकाकडे जातात, आणि आता एकटे जात नाहीत.