नफा दोन लाख, खात्यात तीस हजार

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचा सौदा. एका बाजूला हळकुंड, दुसऱ्या बाजूला गड्डे.)

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात राजापुरी हळदीचा सौदा चालू आहे. हळकुंडाला एक दर, गड्ड्याला दुसरा. सौदा ठरला की तोलाई, हमाली, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी. शेतकऱ्याचा हिशेब तिथं संपतो. व्यापाऱ्याचा तिथून सुरू होतो, आणि बी. कॉम.चा अभ्यासक्रमही जवळपास तिथूनच.

एक कल्पित व्यापारी घेऊ. भांडवल १७ लाख. त्यानं २०० क्विंटल हळद १४,००० रुपये दरानं घेतली, म्हणजे २८ लाखांची. हमाली, तोलाई, गाडीभाडं धरून आणखी एक लाख. माल गोदामात पडला तेव्हा क्विंटलला १४,५०० रुपये बसले होते. त्यातली १४० क्विंटल १६,५०० नं विकली. विक्री २३ लाख १० हजार. विकलेल्या मालाची किंमत २० लाख ३० हजार. ढोबळ नफा २ लाख ८० हजार. दुकानाचा खर्च ८० हजार वजा केला की निव्वळ नफा दोन लाख.

आता बँकेचं पासबुक बघा. १७ लाख होते. विक्रीतले १३ लाख १० हजार वसूल झाले, १० लाख उधारीवर आहेत. बाहेर गेले २९ लाख ८० हजार. शिल्लक ३० हजार.

(दृश्य: फळ्यावर ताळेबंद. डावीकडं देणी, उजवीकडं मालमत्ता.)

दोन लाख गेले कुठं? कुठंच गेले नाहीत. १० लाख येणं आहे, ८ लाख ७० हजारांचा माल गोदामात आहे, ३० हजार बँकेत आहेत. बेरीज १९ लाख. भांडवल १७, नफा २. जुळलं. हा ताळेबंद बारावीचा विद्यार्थीही मांडतो. पण घरी वडिलांनी “एवढा नफा झाला तर पैसे कुठायत?” असं विचारलं की गप्प बसतो, कारण नमुना पाठ आहे, त्यातली प्रत्येक ओळ काय सांगते ते नाही. तीन वर्षांचं शिक्षण खरं तर या एका प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं म्हणून आहे. मार्क मात्र नमुन्याला मिळतात. अडचण तिथंच आहे.

पहिलं वर्ष कीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (त्याच नोंदी खात्यांनुसार), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांची यादी) यांत जातं. तेरीज जुळली नाही तर फरकाकडं बघायची जुनी रीत आहे. फरकाला नऊनं भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल तपासा: ५,४०० च्या जागी ४,५०० पडले की फरक ९०० येतो. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली तर ती नोंद नावेऐवजी जमेला गेली असण्याची शक्यता मोठी.

कॉम्प्युटर लॅबमध्ये टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं की ही कसरत उरत नाही. एफ नऊला खरेदी, एफ आठला विक्री, एफ पाचला पैसे दिले, एफ सहाला आले. खतावणी आपोआप होते, तेरीज कायम जुळलेली दिसते. आणि फसगत नेमकी इथं होते. चाळीस हजारांचा कॉम्प्युटर ‘कार्यालयीन खर्च’ खात्याला टाकला तरी तेरीज जुळते, नफा मात्र चाळीस हजारांनी कमी दिसतो आणि घसारा, म्हणजे वस्तू वापरून दरवर्षी घटणारी किंमत, कुठंच लागत नाही. एखादं बिल नोंदवायचंच राहिलं तरी जुळते. बेरजेच्या चुका मशीननं संपवल्या, तत्त्वाच्या चुका माणसाकडंच राहिल्या. म्हणून पहिल्या वर्षी निदान एक महिन्याची कीर्द हातानं लिहावी, मग टॅलीला बसावं. उलट क्रमानं शिकलेला मुलगा व्हाउचर भरभर टाकतो, पण तेच व्हाउचर का, हे त्याला सांगता येत नाही.

(दृश्य: गोदाम. पोत्यांच्या थप्प्या.)

साठ क्विंटल हळद शिल्लक आहे. तिची किंमत काय धरायची? लेखा मानक दोनचा नियम असा: खरेदीखर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांतला कमी आकडा. ३१ मार्चला दर पडला आणि विक्रीचा खर्च जाता क्विंटलला १३,००० च हाती येणार असतील, तर साठा ८ लाख ७० हजारांचा नाही, ७ लाख ८० हजारांचा. नव्वद हजार नफ्यातून गेले. दोन लाखांचे राहिले एक लाख दहा हजार. बँकेतले तीस हजार जागचे हलले नाहीत.

उलट दर वाढून १८,००० झाला तर? साठा १४,५०० नंच धरायचा. न झालेला तोटा आधी मोजायचा आणि न झालेला नफा मोजायचा नाही, हे पोरांना अन्यायाचं वाटतं. वाटू द्यावं. प्रश्न विचारणारा विद्यार्थी हाच.

उधारीचे १० लाख हा तर कायद्याचाही विषय. व्यवसाय कायद्याच्या पेपरात चेक न वटण्याचं कलम १३८ येतं आणि मुदती गाळलेल्या जागांसाठी पाठ केल्या जातात. बाजारात त्या मुदतींवरच पैसे अडतात. बँकेची ‘चेक परत’ ही चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस समोरच्याला. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. “बघू, शेजारचाच माणूस आहे,” म्हणत पहिले तीस दिवस घालवले की त्या चेकचं हे हत्यार बोथट होतं. चेकच नसेल, साधी उधारी असेल, तर दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. ती संपायच्या आत समोरच्यानं बाकी कबूल करून सही दिली तर मुदत नव्यानं मोजतात. वर्षाअखेरीला खातेउतारा पाठवून सही मागायची पद्धत यासाठी.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कॉस्टिंग, ऑडिट, आयकर आणि फायनान्स. फायनान्समधलं खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा, समजलं की बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरची उचल, समजतं. बँक मालाच्या पूर्ण किमतीवर पैसे देत नाही. २५ टक्के मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्यानं स्वतः घालायचा हिस्सा, धरलं तर ८ लाख ७० हजारांच्या मालावर उचल ६ लाख ५२ हजार ५०० पर्यंत. तीही दर महिन्याला साठ्याचं पत्रक दिलं तर. जुनी थकलेली उधारी बँक सहसा हिशेबात घेतच नाही.

(दृश्य: आयर्विन पूल. कृष्णेच्या पाण्याची पातळी दाखवणारे आकडे.)

आता एक धडा, जो विद्यार्थी ऑप्शनला टाकतात: आगीच्या विम्याचे दावे. सांगलीत आगीच्या जागी पूर वाचायचं, गणित तेच. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद साठवली जायची, त्यांचं २००५ च्या पुरात मोठं नुकसान झालं.

पाणी ओसरल्यावर पहिला प्रश्न: माल किती होता? वह्या भिजलेल्या, कॉम्प्युटर बंद. मग जीएसटी विवरणपत्रं आणि बँक उताऱ्यांवरून आकडे उभे करायचे. समजा एप्रिलचा आरंभीचा साठा १२ लाख, पुरापर्यंत खरेदी ५८ लाख, विक्री २५ लाख. मागच्या वर्षांचा ढोबळ नफा विक्रीवर २० टक्के. म्हणजे विकलेला माल २० लाखांचा. १२ अधिक ५८ वजा २०, पुराच्या दिवशी साठा ५० लाख. त्यातला ३० लाखांचा वाचला, नुकसान २० लाख.

विमा होता ३० लाखांचा. मग २० लाख पूर्ण मिळतील? परीक्षेत निम्मा वर्ग ‘हो’ लिहितो. सरासरीचं कलम लागतं: नुकसान गुणिले विमा भागिले साठा. २० गुणिले ३० भागिले ५०. दावा १२ लाख. २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठीच्या प्रमाणित पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ होतो. इथं विमा ४० टक्के कमी आहे, म्हणून ती माफी नाही.

आठ लाख बुडाले ते हप्ता वाचवायच्या नादात. हळदीची आवक उन्हाळ्यापर्यंत चालते, गोदाम भरतं आणि पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. विम्याची रक्कम वर्षाच्या सरासरी साठ्यावर नाही, त्या भरलेल्या गोदामावर ठरवायची. आणखी एक गोष्ट सर्व्हेअर, म्हणजे विम्याच्या नुकसानीची पाहणी करणारा, हमखास बघतो. जास्त उचल मिळावी म्हणून बँकेच्या पत्रकात साठा ५० लाख, हप्ता कमी बसावा म्हणून विमा कंपनीला ३० लाख. तो दोन्ही कागद मागवतो आणि शेजारी शेजारी ठेवतो.